छपराखाली एक

सावदा. केळी पिकवायची रूम नंबर तीन.
साडेसोळा डिग्री.
गॅस सोडून नऊ तास झाले,
अजून पंधरा तास दार उघडायचं नाही
असं भंगाळे शेठनी दारावरच खडूनं लिहिलंय
आणि खाली माझी सही घेतलीय.

आत नऊशे क्रेट.
हिरवी की पिवळी,
यावर माझ्या पुस्तकाचं म्हणणं वेगळं आहे.
मला दाराच्या रबराला नाक लावलं की कळतं.
पुस्तकात वासाचा उल्लेख नाही.

पुस्तकं पोस्टानं आली, पाच खंड, सुतळीनं बांधलेले.
पोस्टमन म्हणाला, स्पर्धा परीक्षा का, ताई?
म्हटलं, नाही, क्वांटम फिजिक्स.
बरं, म्हणाला. इथं सही करा.

फैजपूरला बी.एस्सी. झाले त्याला एकोणीस वर्षं.
मधल्या काळात इलेक्ट्रॉनबद्दल
मी कुणाशी बोलले नाही.
कुणी विचारलंही नाही.

मोबाइलवर सर शिकवतात, कुठल्या शहरातून देव जाणे.
तोंड उघडं असतानाच रेंज जाते:
'आणि म्हणून आपल्याला असं दिसतं की'
काय दिसतं ते
मला पुष्कळदा स्वतःच बघावं लागलं.

रविवारी भरिताची वांगी भाजत होते अंगणात.
तुरीच्या काड्या आधी काळ्या, मग लाल,
फुंकर घातली की नारिंगी.
खंड एक, पान अकरा. मी फुंकतच राहिले,
दोन वांगी जळाली.
सासूबाई म्हणाल्या, काय वाचू राह्यली व माय, इतकं रातीचं?
एक कण आहे, म्हटलं, डबीत कोंडलेला.
मंग सोडून दे ना त्याले.

जळगावला संपर्क वर्ग. यादीत चौदा नावं.
आलो तिघं:
मी, धडगावहून रात्रीच निघालेला पाडवी,
आणि एक मुलगा, ज्याचा विषय दुसराच निघाला.
तोही बसला शेवटपर्यंत.
सय्यद मॅडमनी फळ्यावर दोन उभ्या भिंती काढल्या.
भिंतीपाशी तरंग शून्य, म्हणाल्या,
पण आतला कण पूर्ण थांबलाय असं कधीच होत नाही.
पाडवीनं लिहून घेतलं.
मी भिंतींकडे बघत होते.

माझा गृहपाठ परत आला, लाल शाईत एकच ओळ:
सगळ्या शक्यता मिळून एक व्हायला हव्यात.
तुमच्या एक होत नाहीत.

कुठं चुकलं?
पहाटे चारला, गाडी भरत असताना,
हातात दुसरा कागद नव्हता म्हणून
डिस्पॅचच्या पावतीमागं पुन्हा मांडून पाहिलं.
हमालांनी शेवटची क्रेट चढवली, शेठनी शिट्टी मारली,
आणि माझं उत्तर अकोल्याला निघून गेलं.

साडेदहाला फोन. मुश्ताक ड्रायव्हर.
ताई, पावतीमागं काय लिवलंय?
व्यापारी म्हणतो, हा भाव कशाचा? पैसे अडवून बसलाय.
म्हटलं, भाव नाही तो. वाचून दाखव.
वाचता येत नाही हो. छप्पर आहे एक.
छपराखाली?
छपराखाली एक. त्याच्याखाली आडवी रेघ.
रेघेखाली इंग्रजी ए, लहानवाला.

मी क्रेटवर बसले.
छपराखाली एक नाही, मुश्ताकभाई. दोन पाहिजेत.
साइनचा वर्ग, त्याची सरासरी अर्धी.
तो अर्धा मी एकोणीस वर्षांपूर्वीही विसरायचे.

मागून व्यापाऱ्याचा आवाज आला, दोन रुपये कमी का जास्त?
मुश्ताक म्हणाला, फोटो पाठवतो, तुम्हीच बघा.

आला फोटो. तिरका. भाताचं एक शीत चिकटलेलं.
वरच्या चार ओळी स्वच्छ,
पाचवीवर त्याचा अंगठा.

रूम तीनचा काटा साडेसोळावर.
वहीत वेळ लिहिली, डिग्री लिहिली, सही केली
आणि पाचवी ओळ
पुन्हा वरून सुरू केली.